बिनसांध्याचा गोटा

त्या कंपनीतलं सगळ्यांत महागडं उपकरण म्हणजे साहेबांच्या उजव्या अंगठ्याचं नख. ते कुणी बाहेरून मागवलेलं नव्हतं. साहेबांनी ते स्वतः वाढवलं होतं, कडेने तासून बारीक केलं होतं, आणि कंपनीत तयार होणाऱ्या प्रत्येक वस्तूवरून ते एकदा फिरत असे. झाकण आणि डबा जिथे एकमेकांना भेटतात तिथे नख अडलं की साहेब वस्तू खाली ठेवत आणि खिडकीबाहेर बघत. बोलत काही नसत. नख अडलेली वस्तू पुन्हा त्यांच्या टेबलावर दिसत नसे. कधीकधी ती बनवणारा माणूसही दिसत नसे.

या नखाखालून सहीसलामत सुटलेला डिझायनर एकच होता. त्याला सगळे सपाटराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच उपयोगी पडायचं. रेडिओची बटणं त्याने काढली, टेबलदिव्याचा खटका काढला, सगळ्या वस्तूंचे स्क्रू, खाचा, फटी आणि कंगोरे काढले. गेल्या वर्षी हाताशी दुसरं काही उरलं नाही तेव्हा साहेबांनी त्याला ऑफिसची दारं दिली. त्याने त्यांच्या मुठी काढल्या. घरी आई त्याच्याजवळ आपला चष्मा पुसायलासुद्धा देत नसे. म्हणायची, "नको बाबा, काड्या काढून आणशील."

गोटा हे सपाटरावाच्या आयुष्याचं काम. साहेबांनी त्याला एक तरल, काव्यमय नाव दिलं होतं, पण ते जाहिरातवाल्यांच्याही लक्षात राहत नसे. मुठीत बसेल न बसेल एवढा, नदीकाठी सापडावा तसा गुळगुळीत, दुधी काचेचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने तो हातात घट्ट धरला की त्याच्या माणसाला फोन लागणार. आवाजासाठी भोक नाही, काच स्वतःच थरथरून बोलणार. चार्जिंगसाठी भोक नाही, थाळीवर ठेवला की पोटातली बॅटरी आपोआप भरणार, आणि ती भरेल तसा काचेतला उजेड तळापासून वर चढणार, पेल्यात दूध भरावं तसा. काचेच्या दोन वाट्या एकमेकींवर ठेवून त्यांच्या कडा लेझरने अशा वितळवल्या होत्या की जोड कुठे आहे ते जोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. चालू-बंदचं बटण नव्हतं. "बंद कशाला करायचा?" असं साहेबांनी बैठकीत विचारलं होतं, आणि त्यावर कुणालाच काही सुचलं नव्हतं.

पहिल्या गोट्यावरून नख फिरलं. उभं फिरलं, आडवं फिरलं. कुठेच अडलं नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं असं म्हणतात. सर्दीही असेल. मग त्यांनी गोटा कानाशी धरून हलवला.

"आत काहीतरी नांदतंय," ते म्हणाले.

"बॅटरी आहे, साहेब. तिच्याभोवती फट ठेवलीय. त्यात ती किंचित हलते."

"का हलते?"

"फट आहे म्हणून."

"मग फट का आहे?"

हा प्रश्न खरं म्हणजे बॅटरीबाईला विचारायला हवा होता. बॅटऱ्यांचं सगळं खातं तिच्याकडे. पण ती बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली होती. जाताना तिने बजावलं होतं, "ती फट माझी आहे. तिथे कुणी पाय ठेवायचा नाही." पण बॅटरीबाई हे आपल्या खुर्चीबद्दलही म्हणायची, कपाबद्दलही म्हणायची आणि जिन्याखालच्या स्कूटरच्या जागेबद्दलही म्हणायची. त्यामुळे ऐकणाऱ्याने ते किती मनावर घ्यायचं याला काही माप उरलं नव्हतं.

सपाटरावाने दुसरा गोटा केला. फटीत पारदर्शक जेल भरलं. बोटाने दाबून पाहिलं, अगदी गालासारखं मऊ. वरून काच जोडून घेतली. साहेबांनी नख फिरवलं, कानाशी धरून हलवलं. आत शुकशुकाट.

"आता कसं," साहेब समाधानाने म्हणाले. "अगदी दगडासारखं."

काच जोडताना बॅटरी जवळजवळ रिकामी ठेवायची, हा तिथला नियम. त्यामुळे या दुसऱ्या गोट्याने पोटभर जेवण असं अजून घेतलंच नव्हतं. ते घ्यायची वेळ आली ती थेट प्रात्यक्षिकाच्या दिवशी.

गिऱ्हाईक मोठं होतं. गावोगावी वृद्धनिवास चालवणाऱ्या संस्थेची तीन माणसं येणार होती, आणि त्यांनी मान हलवली तर गोटे हजारांनी लागणार होते. साहेबांना या प्रसंगी एक म्हातारी हवी होती.

"खरी हवी," ते म्हणाले. "नटी आणली तर तिला म्हातारपण शिकवत बसावं लागेल."

"माझी आई आहे," सपाटराव म्हणाला, आणि म्हणताना त्याची छाती जराशी पुढे आली.

आई निवृत्त ग्रंथपाल. उभं आयुष्य तिने हळू आवाजात बोलण्यात आणि लोकांनी भलतीकडे ठेवलेली पुस्तकं जागच्या जागी लावण्यात घालवलं होतं. त्या दिवशी तिने ठेवणीतली शाल काढली आणि थांबावं लागलं तर असावं म्हणून विणकामाची पिशवी बरोबर घेतली. पिशवीत सपाटरावासाठी चाललेला जाडजूड स्वेटर होता. अंग तयार होतं, बाह्या तयार होत्या, जोडायच्या राहिल्या होत्या.

"तिथे काय करायचं मी?" तिने लिफ्टमध्ये विचारलं.

"काही नाही. हातात धरायचं, आणि मला फोन लागला की बोलायचं."

"तू तिथेच असणार ना? मग फोन कशाला?"

"मी बाहेर असणार."

ही साहेबांची पद्धत होती. बनवणारा माणूस आत असला की गिऱ्हाईक त्यालाच प्रश्न विचारतं, आणि तो खरी उत्तरं देतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी डिझायनरने बाहेर थांबायचं. सगळ्यांचे फोनही बाहेर, स्वागतकक्षातल्या ट्रेमध्ये. दार बंद झालं की ते आतूनच उघडायचं, तेही भिंतीवरच्या ठरावीक जागी साहेबांनी तळवा टेकवला तर.

तर साहेब, तीन पाहुणे आणि आई आत गेले. दार मिटलं. दार म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत एकच काच. सपाटराव बाहेर उभा राहून आपलीच कलाकृती दोनदा बघत होता. एकदा दाराची, आणि दारातून गोट्याची. गोटा टेबलाच्या मधोमध होता. टेबल म्हणजे सबंध एक चार्जिंगची थाळी, कुठेही ठेवा, भरणारच. काचेतला उजेड अर्ध्याच्या थोडा वर आला होता. साहेबांची पाठ दाराकडे होती. आई समोर बसली होती, पिशवी पायाशी, हात मांडीवर, शाळेच्या फोटोत बसावं तशी.

तेवढ्यात फोन वाजला. बॅटरीबाई.

"काय गं, मुलगा की मुलगी?"

"बहीण अजून आत आहे. तुझी खुळखुळ गेली म्हणे. साहेबांनी ग्रुपवर फूल टाकलंय."

"गेली. नावालाही उरली नाही."

"कशी घालवलीस?"

"फट भरली."

पलीकडे हॉस्पिटलात कुणीतरी कुणालातरी मोठ्याने हाका मारत होतं. बॅटरीबाई चालत लांब गेली तशा त्या हाका बारीक झाल्या.

"कशाने?" तिने विचारलं.

"जेलने. अगं, एकदम मऊ आहे. गालासारखं."

"फोम का नाही घातलास?"

"फोम काचेतून दिसला असता."

"एक काम कर. बाटली घे, पाण्याने काठोकाठ भर, बूच घट्ट लाव आणि दाब. पाणी मऊच असतं ना रे?"

सपाटरावाने हवेतच मूठ आवळून पाहिली.

"बॅटरी भरली की फुगते. अगदी जरासं, पण फुगते. तेवढ्यासाठी ती फट होती. फोम दबला असता. जेल दबत नाही, ते नुसतं बाजूला सरकतं, आणि तुझ्या गोट्याला बाजू म्हणून काही तू ठेवलेलीच नाहीस. मग जागा काचेने द्यायची."

"काच कशी देईल जागा?"

"काच देते तशी."

सपाटराव दारापासून एक पाऊल मागे सरला.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "अर्धामुर्धा भरलेला असेल तर काही होत नाही. थाळीवरून उचल आणि कपाटात ठेवून दे. आहे कुठे आत्ता?"

सपाटरावाने काचेतून पाहिलं. उजेड पाऊण गोट्यापर्यंत चढला होता. साहेबांनी हाताने खूण केली होती, आणि आईने गोटा नुकताच उचलला होता.

"आईच्या हातात," तो म्हणाला.

"कुणाच्या आईच्या?"

"माझ्या."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस," बॅटरीबाई म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

त्याने साहेबांचा नंबर लावला. त्याच्या कोपराशेजारी ट्रेमध्ये एक फोन गुरगुरू लागला. स्वागतकक्षातल्या मुलीने त्या फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"साहेबांचा फोन इथे आहे," ती म्हणाली.

"दार उघडा."

"ते आतून उघडतं."

"बाहेरून उघडायला काहीतरी असेल."

"होतं. ते तुम्हीच काढलंत ना, गेल्या वर्षी."

सपाटरावाने दारावर थाप मारली. मग मूठ मारली. मग दोन्ही मुठी. आत कुणाची पापणीही हलली नाही. या काचेतून आवाज जात नाही, हे त्याने त्या वर्षीच्या अहवालात अभिमानाने लिहिलं होतं.

"ठोठावू नका हो," मुलगी म्हणाली. "ठसे उमटतात."

"काच फोडायला काही आहे का? आग विझवायचं नळकांडं कुठाय?"

"भिंतीत."

भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी होती. लाल नळकांडं शोभेला बाधा आणतं म्हणून ते कुठल्याशा फळीमागे ठेवलं होतं. फळी दाबली की उघडायची, फक्त ती कुठली ते बाहेरून कळू नये अशी योजना होती. योजना कुणाची ते मुलीने पुन्हा सांगितलं नाही. सपाटराव भिंत दाबत सुटला. एक फळी उघडली. आत बादली होती आणि पुसायचं फडकं.

तो दाराशी परत आला. आईने गोटा टेबलावर ठेवला होता आणि साहेब हात हवेत फिरवून काही सांगत होते, बहुधा भविष्याबद्दल. उजेड वर सरकत होता. मग साहेबांनी खूण केली, आईने पुन्हा उचलला. उजेड थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा चढू लागला. आईला कळावं म्हणून सपाटरावाने दोन्ही हात उंचावून हलवले. आईने पाहिलं. मांडीवरचा हात तिने हळूच, कुणाला दिसणार नाही इतपत हलवला, जसं स्नेहसंमेलनात मूल व्यासपीठावरून आईला करतं. इथे फक्त मूल आणि आई यांनी जागा बदलल्या होत्या. त्याने हाताने खाली, खाली, लांब, लांब अशा खुणा केल्या. तिने शाल सारखी केली आणि पाठ ताठ केली.

मग साहेबांनी गोटा स्वतः तिच्या हातात दिला, तिची बोटं त्याच्याभोवती मिटवली आणि पाहुण्यांकडे वळून मान झुकवली.

सपाटरावाच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर 'आई' असं आलं.

त्याने घेतला. आतल्या तीन पाहुण्यांची डोकी एकदम वर झाली, म्हणजे गोटा बोलायला लागला होता. त्याचा श्वाससुद्धा आत सगळ्यांना ऐकू जात असणार. आणि आईने, जिला आयुष्यभराची सवय, फोन म्हटल्यावर जे करायचं ते केलं. गोटा उचलला आणि कानाला लावला. काच तिच्या कानशिलाला, चष्म्याच्या काडीला आणि गालाच्या वरच्या हाडाला टेकली. गुळगुळीत, भरत आलेली, डोळ्यापासून दोन बोटांवर.

"हॅलो," आई म्हणाली. "मी बोलतेय. छान ऐकू येतंय हो."

पाहुण्यांपैकी एकाने टाळी वाजवायला हात उचलले.

सपाटरावाला बोलायचं होतं आणि ते सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. इतक्या दिवसांचं काम, साहेबांची पाठ, हजारांनी लागणारे गोटे, हे सगळं त्या काचेपलीकडे बसलं होतं आणि ऐकत होतं. मग त्याला वडिलांची आठवण झाली. वडील होते तेव्हा घरात एक पद्धत होती. कुणाकडे गेल्यावर निघायची वेळ झाली, पण यजमान सोडत नसले, की वडील सहज आवाजात विचारायचे, "नळ बंद केला होता ना?" त्यावर आई दचकल्यासारखं करायची आणि दोन मिनिटांत तिघंही रस्त्यावर असत. नळ नेहमीच बंद असायचा.

"आई," तो म्हणाला. "नळ बंद केला होतास ना?"

काचेतून त्याला तिचा चेहरा दिसत होता. तिला कळलं होतं. नवरा गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तिला पहिल्या शब्दाला कळलं होतं. तिने पाहुण्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून गोट्यात म्हणाली,

"अरे, पण चहा यायचाय अजून. असं कसं उठायचं?"

पाहुणे हसले. चांगलं, मनापासून हसले. आई आणि मुलगा नळाबद्दल बोलतायत, याहून खरं प्रात्यक्षिक कुठलं. साहेबांची पाठसुद्धा खूश दिसली.

आईने बोलता बोलता कोपर टेबलावर टेकलं. ती डोकं कलतं करून वाकली, त्याबरोबर कानाचा गोटाही थाळीच्या जवळ आला, आणि उजेड पुन्हा चढू लागला. वरच्या टोकाला आता नखाएवढी काळोखी टोपी उरली होती.

"आई, ऐक," सपाटराव म्हणाला. आता तो हळू बोलत नव्हता. "ती वस्तू मी केलीय, आणि मी चुकलोय. आत फुगायला जागाच ठेवली नाही. ती फुटेल. कानापासून काढ. आत्ता."

आत कुणी हललं नाही. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. आईने गोटा कानापासून काढला. चेहऱ्यापासून लांब धरला. आणि मग, वापरून झालेली वस्तू जागच्या जागी ठेवायची म्हणून, तो नीट टेबलाच्या मधोमध ठेवून दिला.

हातातून सुटला की फोन तुटायचा. तुटला.

"तिथे नको," सपाटराव तुटलेल्या फोनमध्ये म्हणाला. "तिथे नको, आई."

टेबल इमानदारीने आपलं काम करत राहिलं. काळोखी टोपी मिटली. गोटा वरपर्यंत उजळला, आणि सपाटरावाला कबूल करावं लागलं की तो सुंदर दिसत होता.

साहेब उठले. त्यांचे शब्द बाहेर येत नव्हते, पण खांद्यांवरून कळत होतं की ते हसून सांगतायत, हे आमचे डिझायनर, फार हळवे आहेत. त्यांनी गोटा उचलला, स्वतःच्या गालाला लावून दाखवला, बघा. मग डाव्या तळहातावर घेतला आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावर ठेवला. पाहुण्यांना नख दाखवायचं राहिलं होतं.

अंगठा वरून खाली निघाला. सपाटरावाने हा अंगठा इतकी वर्षं पाहिला होता की त्याला त्याची चाल पाठ होती. अंगठा मध्यावर आला आणि थांबला.

साहेबांनी तो मागे घेतला आणि पुन्हा फिरवला. पुन्हा त्याच जागी थांबला. ज्या वस्तूवर कुठे काही नव्हतं, तिच्यावर आता काहीतरी होतं. केसाएवढं.

अशा वेळी साहेब वस्तू खाली ठेवत आणि खिडकीबाहेर बघत. पण खाली सगळी थाळी होती, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. ते वळले आणि दाराबाहेर बघू लागले. दाराबाहेर सपाटराव होता. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, मध्ये काच. साहेबांच्या हातात एक वस्तू होती, जी ठेवता येत नव्हती, टाकता येत नव्हती आणि बंद करता येत नव्हती.

आई उठली. पायाशी ठेवलेली पिशवी तिने उघडली, स्वेटर बाहेर काढला आणि दोन्ही हातांवर पसरून साहेबांपुढे धरला, मुदत उलटलेलं पुस्तक परत घ्यावं तसा. तिने काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. "आणा इकडे" म्हटलं असावं. साहेबांना त्या इमारतीत कुणी काही आणायला सांगून जमाना झाला होता. त्यांनी मुकाट्याने गोटा स्वेटरवर ठेवला. आईने अंग गुंडाळलं, वरून एक बाही, मग दुसरी, सगळं पिशवीत कोंबलं आणि पिशवी लांबच्या कोपऱ्यात ठेवली. मग ती पाहुण्यांकडे वळली आणि वाचनालय बंद होताना करतात तसा हात केला. चला, वेळ झाली. तिघं खुर्च्या मागे सारून उठले आणि दाराशी आले.

साहेबांनी भिंतीवर तळवा टेकवला. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा टेकवला. हात घामाने ओला होता आणि भिंतीला ओला साहेब ओळखता येत नव्हता. त्यांनी तो कोटाला पुसला, टेकवला, मग पॅंटला पुसला. काचेच्या अलीकडे सपाटराव आणि पलीकडे आई, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. तिची पाठ कोपऱ्याकडे होती. तो तिच्या खांद्यावरून पिशवीकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळणार होतं काय होतंय ते.

पिशवी जागच्या जागी टुणकन उडाली.

सपाटरावाला आवाज आला नाही. त्याला फक्त आईचे खांदे वर गेलेले दिसले आणि मग हळूहळू खाली आलेले. पिशवीच्या तोंडातून धुराचा एक बारीक धागा निघाला, थोडा रेंगाळला आणि विरला. तोवर आईनेच शालीचं टोक पुढे केलं होतं. साहेबांनी तळवा शालीला पुसला, भिंतीला लावला, आणि दार उघडलं.

करपलेल्या लोकरीचा वास बाहेर आला. त्यामागून पाहुणे आले. पुढची बाई करड्या कोटातली होती आणि आत तिने अवाक्षर काढलं नव्हतं. ट्रेमधून आपला फोन उचलता उचलता ती सपाटरावाजवळ थांबली.

"तुमचं बोलणं आम्हाला ऐकू येतंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हं," ती म्हणाली. "हा बंद कसा करायचा, हे मी विचारणारच होते. चहानंतर."

ती लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली. "फुटणार आहे म्हणून आधी सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला," तिने स्वागतकक्षातल्या मुलीला सांगितलं, जणू निरोप ठेवायचा होता. "बटण असलेला झाला की कळवा." मुलीने लिहून घ्यायला काहीतरी शोधलं, पण टेबलावर तसं काही ठेवायची पद्धत नव्हती.

साहेब सगळ्यांत शेवटी आले. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. दुसऱ्या वेळी नख चिरेत अडलं तेव्हा त्याचा टोकाला टवका उडाला होता.

"सपाटराव," ते म्हणाले. आजवर त्यांनी या नावाने कधी हाक मारली नव्हती, त्यांना ते माहीत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. "सांधा ठेवायचा."

"ठेवतो, साहेब."

"पण मला दिसता कामा नये."

यावरून नोकरी राहिली की गेली, ते सपाटरावाला कळलं नाही. साहेब वाट न बघता आपल्या खोलीत गेले आणि खिडकीशी उभे राहिले.

आई बाकावर बसली होती. पिशवी तिने बादली घेऊन आलेल्या सफाईवाल्याकडे दिली होती, पण लोकरीचा एक सुटा गुंडा तिच्या हातात होता, तेवढा वाचला होता. सपाटराव शेजारी बसला आणि तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं.

"नळाचं मला लगेच कळलं होतं," आई म्हणाली.

"माहितीय."

"मग स्पष्ट का नाही बोललास आधी?"

त्याने काचेच्या दाराकडे पाहिलं. "हात पुढे कर," ती म्हणाली. त्याने केले. तिने गुंडा सोडवला आणि लोकर त्याच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळायला लागली, लहानपणी गुंडाळायची तशी. हात हलले की लोकर गुंतायची, म्हणून हलवता येईनात.

फोन खिशात वाजला. हात गुंतलेले, म्हणून आईने तो काढला आणि त्याच्या कानाशी धरला.

"मुलगी झाली," बॅटरीबाई म्हणाली. "तुझं काय?"

"फुटला."

"कुणाला लागलं?"

"स्वेटरला."

पलीकडे बॅटरीबाई कुठेतरी टेकून बसल्याचा आवाज आला.

"बरं," बॅटरीबाई म्हणाली. "फट माझी."

"तुझी."

"खुर्चीपण."

"आता जरा फोन ठेवायला सांग तिला," आई कुजबुजली. "माझा हात भरून आला."